घाट उतरताना ऑटोमॅटिक गाडी ‘डी’मध्ये का ठेवू नये

महाबळेश्वरहून आंबेनळी घाटाने पोलादपूरला उतरणारी गाडी हजार मीटरहून जास्त खाली येते. माणसं-सामान धरून वजन १,३०० किलो असेल, तर हजार मीटरमागे सव्वा कोटी ज्यूलपेक्षा जास्त ऊर्जा कुठेतरी जिरवावी लागते. तेवढ्या उष्णतेत अडतीस लिटर गार पाण्याला उकळी फुटेल. पाय सतत ब्रेकवर असेल, तर त्यातली बरीचशी डिस्क आणि पॅडमध्येच जाते.

‘डी’मध्ये (ड्राइव्ह, म्हणजे नेहमीच्या चालवण्याच्या स्थितीत) गिअरबॉक्सचं लक्ष इंधन वाचवण्याकडे असतं. ॲक्सिलरेटर सोडला की तो वरचा गिअर टाकतो आणि इंजिनाचे फेरे (आरपीएम) खाली येतात. इथेच घोटाळा होतो. पेट्रोल इंजिनात थ्रॉटल (हवा आत सोडणारी झडप) मिटला की पिस्टनना अगदी अरुंद फटीतून हवा ओढावी लागते. या ओढाताणीत आणि आतल्या घर्षणात चाकांकडून आलेली शक्ती खर्ची पडते. फेरे वाढले की हा रोधही वाढतो. (डिझेलमध्ये हवेची वाट सहसा अशी अडवलेली नसते, पण नियम तोच.) सात टक्के उतारावर ताशी ४० किमी वेगाने गाडी येताना सुमारे दहा किलोवॅट शक्ती जिरवायची असते. टायर आणि वारा दोन-सव्वादोन खातात. १.२ लिटरचं इंजिन ३,५०० फेऱ्यांवर ढोबळमानाने पाच-सहा किलोवॅट पेलतं, १,३०० फेऱ्यांवर मात्र जेमतेम दीड-दोन.

म्हणून उतार लागण्याआधीच वेग कमी करून गिअर खाली घ्यावा. एएमटी, डीसीटी किंवा टॉर्क कन्व्हर्टर या प्रकारचा ऑटोमॅटिक गिअरबॉक्स असेल तर ‘एम’मध्ये (मॅन्युअल) जाऊन ‘उणे’ दाबत दुसरा किंवा तिसरा. सीव्हीटीत (ठरावीक गिअर नसलेल्या ऑटोमॅटिकमध्ये) ‘एस’, ‘एल’ किंवा ‘बी’, जे दिलं असेल ते. चार गिअरच्या जुन्या ऑटोमॅटिकमध्ये निदान ओडी (ओव्हरड्राइव्ह, म्हणजे सगळ्यात वरचा गिअर) ऑफचं बटण दाबावं. पाय न लावता वेग जवळपास स्थिर राहिला, तर गिअर बरोबर. वाढतच गेला, तर ब्रेकने वेग उतरवून आणखी एक गिअर खाली. फेरे फार चढणार असतील तर गिअरबॉक्स खालचा गिअर नाकारतो, तेव्हाही आधी ब्रेकच. पावसात एका वेळी एकच गिअर उतरवा. एकदम खाली आणला तर पुढची चाकं घसरू शकतात.

३,५०० फेऱ्यांचा आवाज ऐकून लोक दचकतात. चढताना तेच इंजिन तेवढेच फेरे ताकद लावून घेतं, तेव्हा कुणी काही म्हणत नाही. शिवाय गिअरमध्ये उतरताना इंजेक्टर इंधन बंद करतात. न्यूट्रलमध्ये मात्र इंजिन चालू ठेवायला इंधन लागतंच. न्यूट्रलमध्ये घाट उतरून पेट्रोल वाचतं, ही समजूत म्हणजे पैसे वाचवायला जाऊन जीव धोक्यात घालणं. सपाट रस्त्यावर, प्रत्येक सिग्नलला गिअर उतरवत बसायची मात्र गरज नाही. तिथे पॅड झिजलेलेच परवडतात.

ब्रेक लागतोच, तो ठाम दाबून वेग उतरवावा आणि पूर्ण सोडावा. हलका पाय ठेवून उतरलात तर डिस्कला थंड व्हायला उसंतच मिळत नाही. जळका वास आला, पेडल कडक असूनही गाडी आवरेना, तर पॅड तापलेत. पेडल मऊ पडून खोल जाऊ लागलं तर प्रकरण गंभीर: ब्रेक ऑइल उकळून त्यात वाफ झाली आहे. नवं डॉट-४ दर्जाचं ब्रेक ऑइल किमान २३० अंशांपर्यंत उकळत नाही, पण ते हवेतली ओल शोषतं आणि ओलसर झालं की ही मर्यादा १५५ अंशांपर्यंत उतरू शकते. म्हणून साधारण दोन वर्षांनी ते बदलायचं. तापलेल्या डिस्कवर पाणी ओतू नका, ती वाकते किंवा तडकते.

इंजिन गाडी आवरत असताना मागचे लाल दिवे लागत नाहीत. मागे कुणी चिकटून येत असेल तर पेडलला अधूनमधून हलका स्पर्श करावा.

इलेक्ट्रिक गाडीत हेच काम रीजनरेशन (वेग आवरताना मोटरने वीज बनवून बॅटरीत भरणं) करतं, पण बॅटरी शंभर टक्के भरलेली असेल तर ही वीज साठवायला जागाच उरत नाही आणि रोध कमी होतो. महाबळेश्वरच्या हॉटेलात चार्जिंगला लावलीत, तर उतरण्याआधी ऐंशी-पंच्याऐंशी टक्क्यांवरच काढा.