परतीच्या दिवशी मोठं म्युझियम का ठेवत नाही?

आमच्या सहलीची कार्यक्रमपत्रिका हातात पडली की आम्हाला येणारा पहिला फोन बहुतेक वेळा एकाच प्रश्नाचा असतो. "विमान चारचं आहे, मग सकाळ मोकळी कशाला सोडलीत? तेवढ्यात पॅरिसचं लूव्र म्युझियम होऊन जाईल की!" प्रत्येकाला तेच समजावण्यापेक्षा इथे एकदा सविस्तर लिहून ठेवतो.

दुपारी चारच्या विमानासाठी तीन तास आधी, म्हणजे एकला विमानतळावर पोहोचायचं. पॅरिसच्या मध्यातून शार्ल द गोल विमानतळापर्यंत रहदारीसह दीड तास धरला, तर साडेअकराला हॉटेल सोडावं लागतं. बॅगा उचलणं, हिशेब मिटवणं आणि सगळ्यांना एकत्र करणं यात अर्धा तास जातोच, शिवाय म्युझियममधून हॉटेलपर्यंतचा प्रवास वेगळा. म्हणजे साडेदहाच्या सुमारास लूव्रमधून बाहेर पडायला हवं. लूव्र उघडतंच नऊला. प्रवेशाच्या काचेच्या पिरॅमिडखालची सुरक्षा तपासणी आणि मोनालिसाच्या दालनातली गर्दी वजा केली, तर उरतो जेमतेम तासभर, आणि तोही घड्याळाकडे बघण्यात जातो.

पण खरा घोटाळा बॅगांचा होतो. "जाता जाता बघू" म्हणून मंडळी सामान घेऊनच म्युझियमला पोहोचतात. लूव्रमध्ये ५५ × ३५ × २० सेंटिमीटरपेक्षा मोठी बॅग आत नेता येत नाही आणि सामानघरातही ठेवता येत नाही. विमानाच्या केबिनमध्ये बिनबोभाट जाणारी बॅगसुद्धा इथे अडू शकते, कारण बऱ्याच विमान कंपन्या ४० सेंटिमीटर रुंदीपर्यंत परवानगी देतात. लंडनच्या ब्रिटिश म्युझियममध्ये तर चाकांच्या सुटकेसना प्रवेशच नाही. मग दोघं आत, दोघं बाहेर सामान राखत उभे, आणि तिथून आम्हाला फोन: "काहीतरी करा ना!" दारावरच्या सुरक्षारक्षकापुढे आमचं काहीही चालत नाही. म्हणून एवढं पाळाच: चेक-आउट झालं की बॅगा हॉटेलच्याच सामानघरात ठेवा. आम्ही हॉटेल निवडताना ही सोय आहे की नाही ते आधी विचारतो. क्वचित भाडं थोडं जास्त दिसतं, त्याचं हेही एक कारण आहे.

दुसरी अडचण सुट्टीच्या वारांची. लूव्र मंगळवारी बंद असतं, पॅरिसचंच ओर्से म्युझियम आणि फ्लोरेन्सचं उफिझी कलादालन सोमवारी. व्हॅटिकनची म्युझियम्स महिन्याचा शेवटचा रविवार सोडला तर रविवारी बंद. मिलानचं 'द लास्ट सपर' हे लिओनार्दो दा विंचीचं भित्तिचित्र सोमवारी बघता येत नाही. इतर दिवशीही ठरलेल्या वेळेला पंधराच मिनिटं मिळतात, आणि वेळ हुकली की दुसरी मिळणं कठीण. अशी ठिकाणं शेवटच्या दिवसावर ढकलली आणि नेमका तोच वार आला, तर दुरुस्तीला जागाच राहत नाही. आम्ही ती सहलीच्या सुरुवातीला घेतो, म्हणजे एखादा दिवस पावसात किंवा संपात गेला तरी हाताशी दुसरा असतो. "पहिल्याच दिवशी दमवता" अशी तक्रार येते, ती आम्ही ऐकून घेतो. पण क्रम बदलत नाही. लूव्र बुधवारी आणि शुक्रवारी रात्री नऊपर्यंत उघडं असतं, त्यामुळे जमेल तिथे आम्ही संध्याकाळची वेळ घेतो.

मग शेवटच्या सकाळी करायचं काय? वेळेचं तिकीट लागणार नाही आणि अर्ध्यावर सोडलं तरी चुटपुट लागणार नाही, असं काहीतरी. पॅरिसमध्ये त्विलरी बाग आणि सीन नदीचा काठ. लंडनमध्ये ब्रिटिश म्युझियमच्या कायमस्वरूपी संग्रहाला प्रवेश मोफत आहे. चार नंबरच्या दालनातला रोझेटा शिलालेख बघून लगेच बाहेर पडलात तरी पैसे वाया गेले असं होत नाही. (अर्थात, बॅगा हॉटेलवर ठेवूनच.)

खरेदीवरचा कर परत घ्यायचा असेल तर युरोपीय संघातून निघताना वस्तू कस्टम्सला दाखवाव्या लागू शकतात. त्यामुळे त्या चेक-इनच्या बॅगेत टाकून मोकळे होऊ नका आणि विमानतळावर आणखी थोडा वेळ राखा. ब्रिटनमधून खरेदी बरोबर घेऊन निघणाऱ्या पर्यटकांसाठी ही सवलत २०२१ पासून बंद आहे.

आमच्याकडून फक्त विमानाची तिकिटं घेतली असतील, तरी परतीची वेळ आणि हॉटेलचा पत्ता कळवा. शेवटच्या दिवसाचं वेळापत्रक आम्ही एका पानावर करून देतो, त्याचे वेगळे पैसे घेत नाही. फक्त निघायच्या आदल्या रात्री मागू नका, आठवडाभर आधी सांगा.