चांदीवरचं काळं घासून काढू नका, त्यात चांदीच आहे

गौरी-गणपती जवळ आले की माळ्यावरचा डबा खाली येतो आणि निरांजन, करंडा, वाटी, छोटं तबक सगळं काळंकुट्ट. मग कोणीतरी टूथपेस्ट घेऊन बसतं, कोणी दंतमंजन, कोणी चुलीतली राख, आणि तासभर घासून चांदी चकचकीत होते, फडकं मात्र काळं होतं. आता गंमत अशी की त्या फडक्यावर जे काळं आलंय त्याच्या वजनात साधारण ८७ टक्के चांदीच असते!

आपण म्हणतो चांदीला गंज चढला, पण लोखंडासारखं काही इथे होत नाही. साध्या हवेतल्या ऑक्सिजनला एकट्याला चांदी फारशी दाद देत नाही, तिचं खरं वैर गंधकाशी. हवेत हायड्रोजन सल्फाइड नावाचा गॅस अगदी किंचित असतो, हाच तो सडक्या अंड्याचा वास, गटारातून येतो, सडणाऱ्या कचऱ्यातून येतो, आपल्या नाकाला कळणारही नाही इतका थोडा असला तरी चांदीला पुरतो. त्यातून सिल्व्हर सल्फाइड बनतं आणि ते काळं असतं. सुरुवातीला थर इतका पातळ असतो की आधी पिवळसर, मग तपकिरी, मधेच निळा-जांभळा असे रंग दिसतात, पाण्यावर सांडलेल्या पेट्रोलसारखे, आणि थर जाड झाला की काळा.

जोडवी, पैंजण काळे पडले की "अंगात उष्णता आहे" असं आपल्याकडे हमखास ऐकायला मिळतं. उष्णतेचा काही संबंध नाही हो. घामातले क्षार, त्यातले गंधकाचे अंश, साबण-क्रीम आणि बाहेरची हवा, एवढ्यावर भागतं. शिवाय दागिन्याची चांदी शुद्ध नसते, ९२५ शिक्का असेल तर ९२.५ टक्के चांदी आणि बाकी बहुतेक वेळा तांबं, आणि ते तांबंही काळं पडायला हातभार लावतं.

चिंच-लिंबू लावून तांब्या-पितळेची भांडी कशी लख्ख होतात, म्हणून लोक चांदीलाही तेच करतात. पण तांब्यावरचा ऑक्साइडचा थर आंबटाने विरघळतो, सिल्व्हर सल्फाइड मात्र अशा सौम्य ॲसिडला दाद देत नाही. थोडाफार फरक दिसलाच तर तो बराचसा घासण्याचा असतो. आणि घासायचं म्हणजे पेस्टमधली बारीक खडूसारखी पूड त्या मऊ धातूवर रगडायची. एकदा घासल्याने चांदी संपत नाही, थर पातळच असतो, पण दर सणाला घासत राहिलं की करंड्यावरची बारीक नक्षी बोथट होते, आणि मुलामा दिलेलं भांडं असेल तर खालचा धातू डोकावायला लागतो.

त्यापेक्षा हे करा. काचेच्या नाहीतर चिनीमातीच्या भांड्यात तळाला ॲल्युमिनियम फॉइल अंथरा (कुठलीही बाजू वर चालते), त्यावर चांदी ठेवा, ती फॉइलला टेकलीच पाहिजे. लिटरभर कडकडीत गरम पाण्यात एक-दोन मोठे चमचे खायचा सोडा घालून ते सावकाश ओता, फेस येतो. दोन-चार मिनिटांत काळेपणा उतरायला लागतो, फॉइल मात्र काळपट होत जातं, आणि हलकासा तोच सडक्या अंड्याचा वास येतो, म्हणजे काम चालू आहे असं समजायचं. खिडकी उघडी ठेवा.

होतं काय, की काळ्या थरातल्या चांदीने आपले इलेक्ट्रॉन गमावलेले असतात आणि ॲल्युमिनियम ते द्यायला चांदीपेक्षा कितीतरी तयार असतं. सोड्यामुळे पाण्यातून वीज वाहते, ॲल्युमिनियमवरचा ऑक्साइडचा थरही सुटतो, मग जिथे दोघं टेकलेत तिथून इलेक्ट्रॉन चांदीकडे जातात, गंधक तिची साथ सोडतं आणि चांदी पुन्हा चांदी होऊन तिथेच बसते. घासणं नाही त्यामुळे हुपरीच्या पैंजणांच्या घुंगरांत, साखळीच्या कड्यांत, जिथे ब्रश जात नाही तिथेही पाणी पोचतं. परत आलेली चांदी जराशी मंद दिसते, मऊ कापडाने हलकं पुसलं की झालं. साध्या पाण्याने धुऊन मात्र पूर्ण कोरडी करा.

पण सरसकट सगळं बुडवू नका हां. ऑक्सिडाइज्ड दागिन्यांचा काळेपणा मुद्दाम आणलेला असतो, बहुतेक वेळा गंधकाचंच द्रावण वापरून, तो या पाण्यात निघून गेला की अडीच हजाराची झुमकी एकदम सपाट दिसते. मोती, पोवळं, फिरोजा असेल तर नको. पोकळ दागिन्यात लाख भरलेली असेल तर गरम पाण्याने ती मऊ पडते, तसे दागिने सोनाराकडे द्या, तो रिठ्याच्या पाण्यात मऊ ब्रशने धुऊन देतो आणि ते घरीही कोमट पाण्यात करता येतं.

ठेवताना लोक पुड्याला रबरबँड लावतात, ते तर अजिबात नको, रबरात गंधक असतं आणि रबर जिथे टेकतं तिथे बरोबर काळी रेघ उमटते. लोकरीच्या कपड्यांतही चांदी गुंडाळू नका, लोकरीत गंधक असतंच. नीट कोरडी करून, हवा काढलेल्या झिपच्या पिशवीत, एकेक वेगळी, सोबत ओल धरायला खडूचा तुकडा.