वारेचे अंकुर आणि गर्भाचे निदान

थॅलेसेमिया हा रक्ताचा आनुवंशिक आजार. त्याचे सदोष जनुक एकाच पालकाकडून आलेल्या, म्हणजे थॅलेसेमिया मायनर असलेल्या माणसाला बहुधा काहीच त्रास होत नाही. थोडासा रक्तक्षय, तोही लोहाच्या गोळ्या घेऊन न हटणारा, एवढीच काय ती खूण. मात्र पती-पत्नी दोघेही मायनर असतील, तर प्रत्येक गर्भारपणात मूल थॅलेसेमिया मेजर (दोन्ही पालकांकडून सदोष जनुक आलेले) असण्याची शक्यता चारांत एक असते, आणि अशा मुलाला वयाच्या पहिल्या-दुसऱ्या वर्षापासून दर काही आठवड्यांनी रक्त चढवावे लागते. हा आजार पोटातल्या बाळाला आहे की नाही, हे गर्भारपणाच्या तिसऱ्या महिन्यातच सांगू शकणाऱ्या तपासणीला कोरिऑनिक व्हिलस सॅम्पलिंग, अर्थात सीव्हीएस, असे म्हणतात.

या तपासणीत गर्भाला हातही लावला जात नाही. फलित बीजांड विभागत जाऊन पेशींचा पोकळ गोळा तयार होतो, तेव्हा आतल्या बाजूच्या पुंजक्यापासून पुढे गर्भ घडतो आणि बाहेरच्या थरापासून वार घडू लागते. वारेची पांढुरकी, फांद्या फुटलेली टोके, म्हणजेच अंकुर, आईच्या रक्तात बुडालेली असतात. मूळ पेशी एकच असल्यामुळे अंकुरातली जनुके सहसा गर्भासारखीच असतात. गर्भजल परीक्षा साधारणपणे पंधरावा आठवडा उलटल्यावर केली जाते. सीव्हीएस दहा ते तेरा पूर्ण आठवड्यांच्या दरम्यान करता येते. हे वाचलेले आठवडे, निर्णय घ्यावा लागणाऱ्या जोडप्याच्या दृष्टीने, फार मोलाचे असतात.

सोनोग्राफीच्या पडद्यावर वार कुठे चिकटली आहे ते पाहून डॉक्टर पोटातून सुई घालतात किंवा, वारेची जागा तशी असेल तर, योनिमार्गे बारीक नळी सरकवतात. सुईच्या मागे सिरिंज लावून, सुई किंचित मागे-पुढे करत, काही मिलिग्रॅम ऊती ओढून घेतली जाते. पुढचे काम मायक्रोस्कोपखाली चालते, आणि माझ्या मते सगळ्या तपासणीचा कस तिथेच लागतो. काचेच्या बशीतल्या द्रवात अंकुर शेवाळाच्या तुऱ्यासारखे पसरतात. त्यांना चिकटून आलेले आईच्या गर्भाशयाच्या अस्तराचे तुकडे बारीक चिमट्याने एकेक करून वेगळे काढावे लागतात. हे अस्तर राहून गेले, तर आईचीच जनुके बाळाची म्हणून वाचली जाण्याचा धोका असतो. म्हणूनच डीएनएची तपासणी करताना आईच्या रक्ताचा नमुना शेजारी ठेवून, अशी भेसळ झालेली नाही ना, हे पडताळले जाते.

थॅलेसेमियाच्या बाबतीत निम्मे काम त्याआधीच उरकलेले असावे लागते. हिमोग्लोबिनचा एक भाग घडवणाऱ्या बीटा ग्लोबिन जनुकात शेकडो प्रकारचे बिघाड आढळतात. आई-वडिलांपैकी कोणाकडे कोणता आहे हे ठाऊक असले, की अंकुरात नेमके काय शोधायचे ते ठरते. सिंधी समाजात डीएनएच्या ६१९ अक्षरांचा तुकडा गळालेला प्रकार बराच दिसतो, तर भारतात एकूण पाहता ‘आयव्हीएस १-५’ नावाचा बिघाड सर्वाधिक आढळतो. पहिल्याच तपासणीत गर्भवतीचे हिमोग्लोबिन ए-२ (मायनर असलेल्यांत वाढणारा हिमोग्लोबिनचा एक प्रकार) मोजले आणि ते ३.५ टक्क्यांच्या वर निघाले, तर पतीचीही तपासणी लगेच व्हायला हवी. हे काम चौथ्या महिन्यावर गेले, की सीव्हीएसची वेळ हातची निघून गेलेली असते.

अंकुर म्हणजे प्रत्यक्ष गर्भ नव्हे, हीच या तपासणीची मर्यादा आहे. शंभरातल्या एक-दोन नमुन्यांत वारेत गुणसूत्रांच्या दोन प्रकारच्या पेशी सापडतात आणि बाळाची गुणसूत्रे मात्र बहुतेकदा ठीक असतात; अशा वेळी गर्भजल परीक्षा करून खात्री करावी लागते. आईच्या रक्तावरून गर्भाच्या गुणसूत्रांचा अंदाज घेणाऱ्या एनआयपीटी या चाचणीतला डीएनएही मुख्यतः वारेतूनच आलेला असल्याने ती चाचणीदेखील या गोंधळातून सुटत नाही. शिवाय मज्जारज्जूचे व्यंग सीव्हीएसमध्ये कळत नाही. त्यासाठी पाचव्या महिन्याच्या आसपासची सोनोग्राफी करावीच लागते.

पूर्वी सीव्हीएसमुळे गर्भपात होण्याचा धोका एक टक्क्याच्या आसपास धरला जाई; अनुभवी हातांत तो त्याहून बराच कमी असल्याचे अलीकडची विश्लेषणे दाखवतात. १९९१ मध्ये फार लवकर केलेल्या सीव्हीएसनंतर काही बाळांच्या हातापायांत व्यंग आढळल्याचे वृत्त आले, आणि तेव्हापासून दहावा आठवडा पूर्ण होईपर्यंत थांबण्याची पद्धत रूढ झाली.

या तंत्राचा एक आरंभीचा प्रयोग मात्र आजाराच्या शोधात झालेला नव्हता. १९७५ साली चीनमधल्या आनशान येथील डॉक्टरांनी सोनोग्राफीच्या मदतीशिवाय अंकुर काढले, ते गर्भाचे लिंग ओळखण्यासाठी. आपल्याकडेही गर्भजल परीक्षेचा असाच दुरुपयोग झाला. महाराष्ट्राने १९८८ मध्ये देशात सर्वांत आधी त्याविरुद्ध कायदा केला आणि १९९४ मध्ये केंद्रीय कायदा आला. त्यानुसार सीव्हीएस नोंदणीकृत केंद्रातच, ठरावीक वैद्यकीय कारणांसाठी आणि स्त्रीला समजणाऱ्या भाषेत माहिती देऊन, तिची लेखी संमती घेतल्यावरच करता येते. गुणसूत्रांची तपासणी करणाऱ्या तंत्रज्ञाला शेवटची जोडी एक्स-एक्स आहे की एक्स-वाय हे समोर दिसत असते. अहवालात ते उतरत नाही.