इंजिन अतितापन (जुन्या मोटारगाड्यांतील)

इंजिन अतितापन : मोटारगाडीच्या इंजिनातून फिरणाऱ्या पाण्याचे किंवा कूलंटचे (इंजिन थंड ठेवणाऱ्या द्रवाचे) तापमान नेहमीच्या पातळीपलीकडे, साधारणपणे १०५° ते ११०° से.च्या वर, जाऊन वाढत राहणे. बोलण्यात यालाच ‘गाडी गरम होणे’, ‘गाडी तापणे’ किंवा नुसते ‘पाणी उकळणे’ म्हणतात. या नोंदीत गोव्यातील उन्हाळा आणि तेथे अजून वापरात असलेल्या जुन्या पेट्रोल गाड्या, मुख्यतः अँबॅसॅडर, प्रीमियर पद्मिनी व मारुती ८००, यांचा विचार केला आहे.

इंजिनात जळणाऱ्या इंधनाच्या उष्णतेपैकी ढोबळमानाने एक तृतीयांश चाकांना मिळते, एक तृतीयांश धुरावाटे जाते आणि जवळपास तेवढीच पाण्यावाटे रेडिएटरकडे (नळ्या व पात्यांमधून हवा खेळवून पाणी थंड करणाऱ्या भागाकडे) येते. रेडिएटर किती उष्णता बाहेर टाकू शकेल हे पाणी व बाहेरची हवा यांच्या तापमानांतील फरकावर अवलंबून असते. पाणी ९५° से. असताना हवा ३०° ऐवजी ३८° झाली, तर हा फरक ६५ अंशांवरून ५७ वर येतो, म्हणजे रेडिएटरची क्षमता सुमारे आठव्या हिश्श्याने घटते. सुस्थितीतील गाडीत याहून बरीच जास्त क्षमता राखीव ठेवलेली असते. त्यामुळे केवळ ऊन हे अतितापनाचे पुरेसे कारण मानता येत नाही; वर्षानुवर्षे गाळ, गंज आणि दुर्लक्ष यांनी ही राखीव क्षमता खाऊन टाकलेली असते आणि उन्हाळ्यात ती कमतरता उघडी पडते.

गोव्याचे कमाल तापमान विदर्भाच्या तुलनेत सौम्यच असते. मार्च ते मे या काळात ते बहुधा ३३° ते ३५° से.च्या आसपास राहते. मात्र मार्चमध्ये जमिनीवरून येणारे कोरडे पूर्वेचे वारे जोर धरतात, खारे वारे उशिरा सुटतात आणि पारा झपाट्याने वर चढतो; मार्च २०२३ मध्ये राज्यात उष्णतेच्या लाटेचा इशारा देण्यात आला होता. दमट हवेने गाडी तापते असा समज किनारपट्टीवर सर्रास आढळतो, पण रेडिएटरचे काम पाण्याच्या बाष्पीभवनावर चालत नसल्याने दमटपणाचा त्यावर थेट परिणाम नगण्य असतो. दमटपणाने वातानुकूलन यंत्रावरचा भार मात्र वाढतो, आणि त्याचा कंडेन्सर (उष्णता बाहेर टाकणारी जाळी) रेडिएटरच्या पुढ्यात असल्याने रेडिएटरला आधीच तापलेली हवा मिळते. पद्मिनीसारख्या गाडीला मागाहून ए.सी. बसवला असेल तर हा मुद्दा विशेष महत्त्वाचा ठरतो.

इतिहास : पाण्याने इंजिन थंड ठेवण्याची कल्पना मोटारगाडीइतकीच जुनी आहे. रेडिएटरच्या शोधाचे श्रेय काही ठिकाणी कार्ल बेन्ट्स यांना दिले जाते. परंतु त्यांच्या १८८६ च्या तीनचाकी गाडीत पाणी उकळून वाफेच्या रूपाने निघून जात असे व ते पुन्हा भरावे लागे, त्यामुळे त्या रचनेला आजच्या अर्थाने रेडिएटर म्हणणे अवघड आहे. व्हिल्हेल्म मायबाख यांनी १८९० च्या दशकाच्या उत्तरार्धात नळ्यांचा आणि १९०० च्या सुमारास मधाच्या पोळ्यासारखा रेडिएटर सिद्ध केला. ३५ अश्वशक्तीच्या मर्सिडीजवर बसवलेल्या या दुसऱ्या रचनेत ६ मिमी. बाजूच्या ८,०७० चौकोनी नळ्या होत्या. आधुनिक रेडिएटरची परंपरा येथून सुरू होते, हे मत अधिक ग्राह्य वाटते. आरंभीच्या अनेक गाड्यांत पंप नसे. गरम पाणी हलके होऊन वर जाते व थंड पाणी खाली येते, एवढ्यावरच अभिसरण चाले. फोर्डच्या ‘मॉडेल टी’च्या (१९०८–२७) पहिल्या सुमारे २,५०० गाड्यांना पंप होता, पण पुढे तो काढून टाकण्यात आला. मेणाच्या गोळीवर चालणारा थर्मोस्टॅट (तापमानानुसार उघडणारी झडप) १९३० च्या दशकात आला. त्यापूर्वी बाष्पनशील द्रव भरलेल्या भात्याचा थर्मोस्टॅट वापरत आणि तो त्यानंतरही बरीच वर्षे टिकून होता.

थर्मोस्टॅटचा वाद : थर्मोस्टॅट ही इंजिन व रेडिएटर यांच्यामधील झडप होय. पाणी साधारण ८२° किंवा ८८° से. होईपर्यंत ती बंद राहते. आपल्याकडच्या गॅरेजांत जुनी गाडी तापू लागली की प्रथम थर्मोस्टॅट काढून टाकण्याची रीत आहे. बंद अवस्थेत अडकलेला थर्मोस्टॅट काढल्यावर गाडी लगेच सुधारते, हा त्या रीतीचा खरा आधार. याउलट, थर्मोस्टॅट नसेल तर पाणी रेडिएटरमधून इतके वेगाने धावते की त्याला उष्णता टाकायला सवडच मिळत नाही, असे दुसऱ्या बाजूने सांगितले जाते. हे स्पष्टीकरण पटण्याजोगे नाही. पाणी रेडिएटरमध्ये कमी वेळ थांबत असले तरी ते तितक्याच जास्त वेळा तेथे येते, आणि वेगवान प्रवाहाने उष्णतेचे संक्रमण घटत नाही, उलट थोडे वाढतेच. थर्मोस्टॅट काढण्यातला दोष वेगळाच आहे. काही इंजिनांत तो उघडताना रेडिएटर टाळून जाणारी बायपासची आडवाट झाकतो. तो नसेल तर ही वाट कायम उघडी राहते आणि पाण्याचा काही भाग थंड न होताच इंजिनात परततो. इसुझू इंजिन येण्यापूर्वीच्या अँबॅसॅडरमध्ये बी.एम.सी. (ब्रिटिश मोटर कॉर्पोरेशन) घराण्याचे १,४८९ घ.सेंमी.चे इंजिन होते. त्याच घराण्याच्या इंजिनांतून थर्मोस्टॅट काढल्यास त्याच्या जागी आडवाट झाकणारी बाही बसवण्याचा प्रघात याच कारणाने पडला. शिवाय थर्मोस्टॅटच्या अडथळ्याने इंजिनाच्या पोटात जो किंचित दाब राहतो तो नाहीसा होऊन सिलिंडरांच्या माथ्याशी जागोजागी वाफेचे बुडबुडे धरू शकतात. इंजिन कायम थंड राहिल्याने पेट्रोल जास्त लागते ते निराळेच. संशय असल्यास थर्मोस्टॅट दोऱ्याने भांड्यातील पाण्यात टांगून, शेजारी तापमापक ठेवून पाणी तापवावे. तो केव्हा व किती उघडतो ते डोळ्यांना दिसते. बिघडला असेल तर नवा बसवणे हाच त्यावरील योग्य उपाय होय.

निदान : गाडी नेमकी केव्हा तापते, या प्रश्नाच्या उत्तरात निम्मे निदान असते. पर्वरी, म्हापसा किंवा मडगाव येथील खोळंबलेल्या रहदारीत तापमानाचा काटा चढतो आणि रस्ता मोकळा मिळताच उतरतो, तेव्हा दोष हवेच्या प्रवाहात असतो. मारुती ८०० मध्ये विजेचा पंखा, त्याचा फ्यूज, रिले व तापमानाचा स्विच तपासावा. अँबॅसॅडर किंवा पद्मिनीत पंखा पट्ट्यावर चालत असल्याने पट्ट्याचा ताण पाहावा. अंगठ्याने दाबल्यास पट्टा साधारण १० ते १५ मिमी. खाली जावा. पट्ट्याच्या गाडीत न्यूट्रलमध्ये हलका ॲक्सिलरेटर दिल्यास पंखा व पंप दोन्ही जोरात फिरून काटा खाली येतो. विजेच्या पंख्याच्या गाडीत त्याने पंख्याचा वेग वाढत नाही.

उलट गाव ओलांडून मोल्याहून अनमोडचा किंवा साखळीकडून चोर्ल्याचा घाट चढताना गाडी तापत असेल, तर रेडिएटरच्या नळ्या आतून तुंबल्या असण्याचा संभव अधिक. घाटमाथ्याच्या उंचीमुळे पाण्याचा उकळबिंदू दोन-अडीच अंशांनीच उतरतो. खरा भार असतो तो कमी वेग, खालचा गिअर आणि सतत दाबलेल्या ॲक्सिलरेटरचा. उशिरा पडणारी ठिणगी, चिकटलेले ब्रेक किंवा कार्ब्युरेटरमधून (पेट्रोल व हवा यांचे मिश्रण करणाऱ्या भागातून) मिळणारे अपुरे पेट्रोल यांमुळेही नेमके असेच लक्षण दिसते, आणि रेडिएटर बदलूनही गाडी तापतच राहते तेव्हा बहुधा याच बाबी पाहायच्या राहून गेलेल्या असतात.

कोठेही गळती दिसत नसताना पाणी रोज कमी होणे, सुरू इंजिनात रेडिएटरच्या तोंडाशी बुडबुडे येत राहणे, इंजिन पुरते तापण्याआधीच वरचा होजपाइप दगडासारखा कडक होणे, ऑइल दुधाळ दिसणे, ही हेड गॅस्केट (इंजिनाचा वरचा भाग, म्हणजे हेड, व खालचा भाग यांमधील सांधपट्टी) गेल्याची चिन्हे आहेत. काट्यावर पूर्ण भिस्त ठेवू नये : पाणी सेन्सरच्या खाली उतरले की सेन्सर नुसत्या वाफेत राहतो आणि इंजिन जळत असतानाही काटा खाली येऊ शकतो.

किनाऱ्यालगतच्या गाड्यांचा रेडिएटर बाहेरूनही झिजतो. मोरजी, कोलवा, बाणावली अशा भागांत वर्षानुवर्षे उघड्यावर उभ्या राहिलेल्या गाडीच्या रेडिएटरची पाती वरून शाबूत दिसतात, पण बोट फिरवताच त्यांचा हिरवट भुगा हाताला लागतो. नळ्या पाणी धरतात, पण पाती नळ्यांपासून सुटल्यामुळे उष्णता हवेत उतरत नाही. तांबे-पितळेचा रेडिएटर वरची टाकी काढून सळीने साफ करता येतो; गॅरेजच्या भाषेत त्याला ‘रॉडिंग’ म्हणतात. पाती गेली असतील तर मात्र रॉडिंगचा उपयोग नाही. खाऱ्या विहिरीचे पाणी रेडिएटरमध्ये कधीही घालू नये, कारण त्यातील क्लोराइड ॲल्युमिनियमचे हेड पोखरते. डिस्टिल्ड पाणी व एथिलीन ग्लायकॉलचे कूलंट निम्मे-निम्मे वापरणे इष्ट. गोव्यात पाणी गोठण्याचा प्रश्न नसला तरी गंजरोधकासाठी आणि उकळबिंदू वाढावा म्हणून ते हवेच. रेडिएटरचे झाकण हा दुर्लक्षिला जाणारा भाग आहे. सुमारे ०.९ बार दाब धरणाऱ्या झाकणामुळे साधे पाणीदेखील ११८° से.च्या आसपास उकळते. त्याचे रबर कडक होऊन चिरले की ही सगळी सवलत जाते. बारीक गळतीवर हळद टाकण्याचा जुना उपाय गाडी घरी पोचवतो, पण तीच हळद पुढे नळ्या तुंबवते.

तातडीचे उपाय : काटा चढू लागताच ए.सी. बंद करावा, हीटर असल्यास पूर्ण चालू करावा आणि सावलीत गाडी थांबवावी. झाकणाला निदान अर्धा तास हात लावू नये. दाबाखालचे पाणी झाकण सुटताच एकदम वाफ होऊन उसळते व चेहरा, हात गंभीर भाजतात. हे अपघात पूर्णपणे टाळता येण्याजोगे आहेत. नंतर जाड ओल्या फडक्याने झाकण पहिल्या खाचेपर्यंतच फिरवून दाब जाऊ द्यावा. तापलेल्या इंजिनात थंड पाणी एकदम ओतल्यास बीड तडकते व ॲल्युमिनियमचे हेड वाकते, म्हणून इंजिन निवल्यावर, ते सुरू ठेवून, पाणी थोडे थोडे घालावे. पाणी उकळेपर्यंत गाडी चालवली गेली असेल, तर गॅस्केट बदलताना हेडचा पृष्ठभाग सरळपट्टीने तपासून घेणे आवश्यक असते.

उन्हाळ्यात गाडी बंद पडण्याचे आणखी एक कारण अतितापन समजले जाते : कार्ब्युरेटरकडे जाणारे पेट्रोल नळीतच वाफाळणे. यात काटा नेहमीच्या जागी असतो, रेडिएटर भरलेला असतो आणि इंजिन आचके देत थांबते. इंजिनालाच बसवलेल्या यांत्रिक पेट्रोल पंपावर ओले फडके काही मिनिटे ठेवले की गाडी पुन्हा सुरू होते.