लिनक्स सर्व्हरवरील आपोआप सुरू होणाऱ्या सेवांचे व्यवस्थापन

लिनक्स सर्व्हर चालू झाला की कोणी लॉगिन करण्याआधीच एसएसएच (दुरून लॉगिन करण्याची सेवा), वेब सर्व्हर, डेटाबेस, क्रॉन (ठरलेल्या वेळी कामे चालवणारी सेवा) अशा सेवा पार्श्वभूमीवर सुरू होतात. त्यांतल्या कोणत्या उठाव्यात आणि कोणत्या नाही, हे आज बहुतेक वितरणांत (उबंटू, फेडोरा अशा लिनक्सच्या प्रकारांत) सिस्टमडी हा सेवा सुरू-बंद करणारा प्रोग्राम ठरवतो. लेनार्ट पॉटरिंग व के सीव्हर्स यांचा हा प्रकल्प 2010 मध्ये जाहीर झाला. फेडोरा 15 (2011), रेड हॅट एंटरप्राइझ लिनक्स 7 (2014) आणि डेबियन 8 (2015) यांत तो रूढ झाला.

सिस्टमडीला आज्ञा ‘सिस्टमसीटीएल’ने देतात. ‘सिस्टमसीटीएल स्टार्ट’ने सेवा फक्त आत्ता चालते, ‘एनेबल’ने ती पुढच्या बूटला उठते, पण आत्ता सुरू होत नाही. दोन्ही हवे असेल तर एनेबलला ‘नाऊ’ हा पर्याय जोडावा. नेमका इथेच सर्वाधिक घोटाळा होतो, आणि तो रीस्टार्ट होईपर्यंत दिसत नाही. 12 ऑक्टोबर 2020 रोजी मुंबई, ठाणे, नवी मुंबईत वीज गेली होती. अशा वेळी ऑफिसातल्या यूपीएसची बॅटरी संपून सर्व्हर बंद पडला, तर नुसती स्टार्ट केलेली सेवा वीज आल्यावरही बंदच राहते.

एनेबल केल्यावर बहुधा ‘मल्टी-यूजर’ टार्गेटच्या (बूटच्या एका टप्प्याच्या) ‘वॉन्ट्स’ फोल्डरमध्ये युनिट फाइलचा, म्हणजे सेवा कशी चालवायची हे सांगणाऱ्या फाइलचा, दुवा तयार होतो. डिसेबलने तो निघतो. तरीही दुसरी सेवा किंवा सॉकेट (जोडणी येताच सेवा उठवणारे युनिट) त्या सेवेला जागे करू शकते. हे पूर्ण रोखायचे असेल तर ‘मास्क’ वापरावे. उबंटू-डेबियनमध्ये पॅकेज टाकताच सेवा सहसा एनेबल होऊन चालूही होते, म्हणून नव्या सर्व्हरवर एनेबल असलेल्या युनिट फाइलींची यादी आधी पाहावी. नको असलेली प्रिंटरची सेवा खुशाल काढावी. एसएसएचला मात्र हात लावू नये: महापे किंवा ऐरोलीच्या डेटा सेंटरमधली मशीन मग कन्सोलशिवाय हाती लागत नाही.

युनिट फाइलमधली ‘आफ्टर’ ही ओळ केवळ क्रम ठरवते, अवलंबित्व नाही. त्यासाठी ‘वॉन्ट्स’ किंवा ‘रिक्वायर्स’ लागते. आयपी पत्ता मिळण्याआधीच उठून कोसळणाऱ्या सेवेला ‘नेटवर्क-ऑनलाइन’ टार्गेटचे ‘वॉन्ट्स’ आणि ‘आफ्टर’ दोन्ही द्यावे. सेवेला सुरू होण्याची मुदत सहसा 90 सेकंद असते. 10 सेकंदांत 5 प्रयत्न झाले की पुढचा प्रयत्न नाकारला जातो. पॅकेजबरोबर आलेली मूळ युनिट फाइल बदलू नये, अपडेटमध्ये तो बदल पुसला जातो. ‘सिस्टमसीटीएल एडिट’ वापरावे. बदलानंतर ठरवून एकदा रीस्टार्ट करावा आणि फसलेल्या युनिटांची यादी व त्या बूटचा जर्नल (सिस्टमडीच्या नोंदी) तपासावा.