विघटनशील धनायनी पृष्ठसक्रियक : स्थिरविद्युतरोध व ओलावण्याची क्षमता

पृष्ठसक्रियक म्हणजे पृष्ठभागावर जमून पाण्याचा पृष्ठताण उतरवणारा पदार्थ. त्यातल्या धनायनी प्रकाराच्या रेणूला पाण्याची ओढ असलेले धनभारित डोके आणि पाणी टाळणारी लांब हायड्रोकार्बन शेपटी असते. डोके बहुधा चतुर्थक अमोनियम गटाचे असते. त्यातील नायट्रोजनला चार कार्बनी गट जोडलेले असल्याने पाणी आम्लधर्मी असो वा अल्कधर्मी, धनभार कायम राहतो. डोके आणि शेपटी यांच्या मध्ये सहज तुटणारा बंध मुद्दाम घातला, की असा रेणू विघटनशील होतो. काम चालू असेपर्यंत तो बंध टिकला पाहिजे आणि काम संपल्यावर तुटला पाहिजे. या विषयातली खरी अडचण एवढीच आहे आणि ती दिसते त्याहून अवघड आहे.

कपडे मऊ करणाऱ्या द्रवांत अनेक दशके दोन लांब शेपट्यांचे, प्राणिज चरबीपासून बनवलेले चतुर्थक अमोनियम क्लोराइड वापरले जाई. ते उत्तम काम करी, पण सांडपाण्याच्या गाळाला चिकटून राही आणि फार सावकाश कुजे. १९९० च्या सुमारास जर्मनी आणि नेदरलँड्समध्ये ते मागे पडू लागले आणि त्याची जागा एस्टरक्वाट या गटाने घेतली. त्यात शेपटी एस्टर बंधाने, म्हणजे आम्ल आणि अल्कोहोल यांच्या जोडणीतून बनणाऱ्या बंधाने, जोडलेली असते. बंध तुटला की एका बाजूला साधे मेदाम्ल उरते, तर दुसऱ्या बाजूला छोटा, पाण्यात विरघळणारा आणि पृष्ठसक्रियता गमावलेला तुकडा. याच कल्पनेवर बीटेन एस्टर उभे आहेत. ते तुटल्यावर लांब साखळीचे अल्कोहोल आणि बीटच्या कंदात आढळणारे बीटेन मिळते. एस्टर बंध अल्कधर्मी पाण्यात लवकर तुटतो, म्हणून असे द्रव सौम्य आम्लधर्मी ठेवूनच साठवतात. ॲसिटल बंधाचे (यात एकाच कार्बनला दोन ऑक्सिजन जोडलेले असतात), उदाहरणार्थ डायऑक्सोलेन वलयाचे, याच्या अगदी उलट असते. तो अल्कात ठणठणीत राहतो आणि आम्लात तुटतो.

कृत्रिम धाग्याचा स्वेटर अंगातून काढताना तडतड ऐकू येते आणि अंधारात बारीक ठिणग्या दिसतात. घर्षणाने साचलेल्या विद्युतभाराला वाहून जायला वाट नसते, हे त्याचे कारण. धनायनी पृष्ठसक्रियक ही वाट करून देतो; यालाच स्थिरविद्युतरोध म्हणतात. पॉलिएस्टरसारख्या तंतूवर शेपट्या तंतूकडे आणि डोकी बाहेर अशा रीतीने रेणू बसले, की डोकी हवेतील ओलावा धरून ठेवतात. त्या पातळ ओलसर थरात डोक्यांसोबतचे क्लोराइडसारखे ऋण आयन हलू शकतात आणि भार निचरून जातो. शिवाय थर निसरडा असल्याने मुळात भारच कमी तयार होतो. उपचार न केलेल्या प्लास्टिकच्या पृष्ठभागाचा रोध १०¹⁴ ओहम किंवा त्याहून जास्त असतो. तो १०⁹ ते १०¹¹ पर्यंत उतरला, तर उपचार चांगला मानतात. भार निम्मा व्हायला किती वेळ लागतो, हेही मोजतात. हवा फार कोरडी असली की हा सगळा परिणाम क्षीण होतो, म्हणून आर्द्रता न नोंदवता दिलेल्या आकड्याला फारसा अर्थ नाही.

ओलावण्याची गोष्ट मात्र उलटी पडते. पाण्याचा पृष्ठताण २५° से. ला ७२ मिलिन्यूटन प्रति मीटर असतो. धनायनी पृष्ठसक्रियक तो ४० च्या आसपास आणतात. तरी केवळ पृष्ठताण उतरल्याने वस्तू भिजतेच असे नाही. काच आणि कापूस पाण्यात ऋणभारित होतात, धनभारित डोके त्यांना चिकटते आणि शेपटी बाहेर राहते. स्वच्छ काचेवर अशा विरल द्रावणाचा थेंब ठेवला तर तो आधी पसरतो आणि मग स्वतःच घातलेल्या थरावरून मागे आक्रसतो. हे एकदा पाहिले, की धनायनी पदार्थांना कमकुवत ओलावक का म्हणतात ते वेगळे सांगावे लागत नाही. द्रावणाची संहती (तीव्रता) वाढवली की पहिल्या थरावर दुसरा थर उलटा बसतो, डोकी पुन्हा बाहेर येतात आणि पृष्ठभाग पाणी धरू लागतो.

कापडासाठी सुती लडीची चाचणी करतात. ५ ग्रॅमच्या लडीला आकडा लावून, दोऱ्याने खाली वजन बांधून ती द्रावणाच्या उंच नळकांड्यात सोडतात. लडीत हवा असेपर्यंत दोरा ताणलेला असतो. हवा निघून गेली की लड बुडू लागते आणि दोरा सैल पडतो. तिथपर्यंतचे सेकंद म्हणजे ओलावण्याचा काळ.

लहान, एकेरी शेपटीचे रेणू पृष्ठभागापर्यंत चटकन पोचतात आणि चांगले ओलावतात. दोन लांब शेपट्यांचे रेणू तंतूवर घट्ट बसतात. स्थिरविद्युतरोध आणि मऊपणा त्यांच्याकडून चांगला मिळतो, पण टॉवेल पाणी टिपेनासा होतो. शेपटीत दुहेरी बंध असले तर थर सैल राहतो आणि पाण्याला शिरायला वाव मिळतो. एकाच रेणूकडून दोन्ही गुण पुरेपूर मागणे म्हणूनच रास्त नाही.

विघटन तपासताना २८ दिवसांत ६०% पूर्ण जैवविघटन हा निकष युरोपीय संघाच्या २००४ च्या नियमनात आहे. चाचणीत एक खाच असते. हे पदार्थ जिवाणूनाशकही असल्याने मात्रा जास्त झाली, तर कुजवणारे जिवाणूच मरतात आणि विघटनशील पदार्थही नापास ठरतो. म्हणून चाचणीतली मात्रा कमी ठेवतात.