सहावा लागला की सहा पूर्ण झाले?

माझ्या भाचीचं उष्टावण पाचव्या महिन्यात झालं. मुलीचं विषम महिन्यात, मुलाचं सम महिन्यात हा आमच्याकडचा रिवाज, आणि मुहूर्त निघाला तो पाचव्याचा. मी मामा, म्हणून बाईसाहेब माझ्या मांडीवर. चांदीच्या वाटीत तांदळाची खीर. पहिला चमचा तोंडात गेला आणि जिभेने तो तसाच्या तसा बाहेर ढकलला. दुसराही तसाच. खीर हनुवटीवर, लाळेऱ्यावर, माझ्या नव्या कुडत्यावर. "हिला गोड आवडत नाही, बापावर गेलीय," असा निकाल आजीने तिथल्या तिथे लावला.

आवडीनिवडीचा तिथे काही संबंधच नव्हता. दूध ओढायला जीभ लागते, पण घास मागे न्यायला ती वेगळ्या पद्धतीने हलावी लागते, आणि ते बाळाला जन्मतः येत नाही. उलट, जिभेच्या टोकाला काही घट्ट लागलं की ते बाहेर ढकलायचं, अशी प्रतिक्षिप्त क्रिया त्याला उपजत मिळालेली असते. नको ती वस्तू घशात जाऊ नये म्हणून दारावर बसवलेला हा राखणदार. साधारण चार ते सहा महिन्यांच्या दरम्यान तो रजा घेतो. आमच्या समारंभाच्या दिवशी मात्र तो कामावर हजर होता.

वरचं खाणं कधी सुरू करायचं, या गोंधळाचं मूळ आपल्या मोजण्यातही आहे. 'पाचवा महिना' म्हणजे चार पूर्ण होऊन पाचवा चालू. 'सहावा लागला' म्हणजे पाचच झाले. डॉक्टर 'सहा महिने' म्हणतात तेव्हा त्यांना सहा पूर्ण, म्हणजे १८० दिवस अभिप्रेत असतात. एकाच वाक्यात महिन्याभराचा फरक पडतो. पूर्वी जागतिक आरोग्य संघटनाही 'चार ते सहा महिने' असं सैलसर सांगायची. २००१ पासून सहा महिने फक्त आईचं दूध अशी शिफारस आली. फक्त म्हणजे फक्त, वैशाखातसुद्धा वरचं पाणी नाही. आईच्या दुधात ८७ टक्क्यांच्या आसपास पाणीच असतं.

मग बाळ तयार झालं हे ओळखायचं कशावरून? मूठ चोखण्यावरून नव्हे. तिसऱ्या-चौथ्या महिन्यात सगळीच बाळं मुठी चोखतात आणि लाळ गाळतात. रात्री उठण्यावरूनही नव्हे, आणि दातांवरून तर मुळीच नव्हे. बोळक्या हिरड्यांनी गुरगुट्या भात छान चुरडला जातो. पाहायचं ते हे, की बाळाने मान पक्की धरली आहे का आणि टेकून ताठ बसतं का. मान कलली की गिळणं आणि श्वास यांचा मेळ बिघडतो. मागे रेलवून भरवलं तर घास आपसूक घशाकडे घरंगळतो, बाळाच्या मर्जीचा प्रश्नच उरत नाही. जीभ ढकलणं थांबलं का, हे रिकामा चमचा ओठांना लावूनही कळतं. आणि तिसरं, मला सगळ्यात गमतीचं वाटणारं: डोळे, हात आणि तोंड यांची युती. ताटातली पोळी दिसते, हात झेपावतो, पकडतो आणि नेमका तोंडातच नेतो. नको असेल तर बाळ मान फिरवतं. ही तिन्ही लक्षणं एकत्र सहा महिन्यांच्या आधी क्वचितच दिसतात.

पण लक्षणांची वाट पाहत आठवा महिना उजाडू द्यायचा का? नाही, आणि त्याचं कारण लोह. गर्भारपणाच्या शेवटच्या तीन महिन्यांत बाळ आईकडून लोहाची शिदोरी बांधून घेतं. जन्मल्यावर नाळ कापायला मिनिटभर उशीर केला तर त्यात आणखी थोडी भर पडते. दुधातलं लोह छान पचतं, पण असतं नगण्य, लिटरमागे साधारण अर्ध्या मिलिग्रॅमपेक्षाही कमी. सहा महिन्यांच्या सुमाराला शिदोरी संपत येते. दिवस भरण्याआधी जन्मलेल्या बाळाची तर ती आणखी आधी संपते. त्याला लोहाचे थेंब लवकर लागतात आणि वरचं खाणं कधी सुरू करायचं याचं गणितही डॉक्टर वेगळं मांडतात. घाई होत असेल तर बाळाचं ऐकावं, उशीर होत असेल तर कॅलेंडरचं, असं माझं मत. सहा पूर्ण झाले आणि बाळ अजून टेकूनही बसत नसेल, तर थांबून राहण्यापेक्षा डॉक्टरांना दाखवावं.

आपल्याकडे घाईइतकाच उशीरही होतो. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत सहा ते आठ महिन्यांच्या मुलांपैकी आईचं दूध आणि वरचं अन्न दोन्ही मिळणारी ४५.९ टक्केच निघाली. आणि जे मिळतं ते बऱ्याचदा वरणावरचं पाणी! सात किलोच्या बाळाच्या पोटात एका वेळी फार तर वाटीभर, दोनशे ग्रॅमच्या आसपास मावतं. दुधाव्यतिरिक्त त्याला दिवसाला सुमारे २०० कॅलरी लागतात. पोट पाण्याने भरलं तर त्या येणार कुठून? चमचा तिरका केला तरी घास लगेच ओघळू नये, इतकं दाट हवं. वरण-भात कुस्करून वर तूप, हे उत्तम. लोहासाठी अंड्याचा बलक किंवा चालत असेल तर मांसाहारही. सुरुवातीला दोन-तीन चमचे पुरतात.

दाट म्हटलं की गिळायला जड, ही अडचण आपल्या आज्यांनी मोड आणून सोडवली होती. मोड येताना नाचणीत अमायलेज नावाचं विकर तयार होतं. ते पिठूळ पदार्थ तोडतं, त्यामुळे पाणी न वाढवताही खीर पातळसर होते. त्याच पातेल्यात जास्त पीठ मावतं, म्हणजे तेवढ्याच घासात जास्त ताकद. फडक्याने गाळून चोथा टाकायची सवय मात्र सोडावी. नाचणीचं बरंचसं कॅल्शियम त्या चोथ्यातच जातं.

मध वर्षभर नको, चाटणातूनही नको. त्यातले बोट्युलिझम या गंभीर विषबाधेच्या जीवाणूंचे बीजाणू मोठ्यांना बाधत नाहीत, तान्ह्याच्या आतड्यात मात्र रुजू शकतात. मीठ-साखरेचीही वर्षभर गरज नाही. (हो, उष्टावणाच्या खिरीत साखर होती. बहुतेक माझ्या कुडत्यावरच गेली.)

महिन्या-दीड महिन्याने ताईकडे गेलो तर भाची उशीला टेकून बसलेली. वरण-भाताचा चमचा पुढे आला, तिने तो हिसकावून तोंडात घातला आणि पुढच्या घासाला "ऑक्" करून सगळं जिभेवर आणलं. आजी धावली. पण चेहरा लाल, खोकला, आवाज सुरू, म्हणजे बाळ स्वतःच घास परतवत असतं. पाठीत धपाटे किंवा तोंडात बोट नको. घाबरायचं ते आवाज बंद झाला, श्वास लागेना, ओठ निळे पडले तर. म्हणून अख्खा शेंगदाणा आणि अख्खं द्राक्ष घरात बाळाच्या हाताबाहेर. भाचीने तो घास पुन्हा चघळला, गिळला आणि चमचा माझ्याकडे फेकला.